कटनीचा तिढा आणि मालगाडीची वेगळी वाट

जबलपूरच्या ईशान्येस सुमारे ९० किलोमीटरवर कटनी हे गाव आहे. चुनखडीच्या खाणी व चुन्याच्या भट्ट्या यांमुळे त्याचे नाव पूर्वीपासून व्यापाऱ्यांच्या तोंडी आहे. गाव एक असले तरी त्यातील रेल्वेची ठळक स्थानके मात्र तीन आहेत : कटनी जंक्शन, कटनी मुडवारा आणि न्यू कटनी जंक्शन. नवख्या प्रवाशास हा प्रकार चमत्कारिक वाटतो. एका स्थानकावर उतरावे आणि पुढची गाडी दुसऱ्याच स्थानकावरून सुटणारी असावी, असे येथे अनेकदा घडते. पण ह्या तीन स्थानकांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाने घातलेला तिढा सोडविण्यासाठी कटनीजवळ उंच खांबांवरून जाणारा एक लोहमार्ग हाती घेण्यात आला. गावाशी ज्या मालगाडीचे काही काम नाही, तिने गावातल्या रुळांवरून जाऊच नये, एवढाच त्यामागील विचार आहे. विचार साधा असला तरी तो प्रत्यक्षात आणणे सोपे नाही. हे सर्व कशासाठी करावे लागते, हे समजून घेतल्यास रेल्वेच्या शास्त्रातील एका महत्त्वाच्या तत्त्वाची ओळख होते.

प्रथम हा तिढा कसा पडला ते पाहू. ईस्ट इंडियन रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली अलाहाबादकडून जबलपूरपर्यंत आला. मुंबईकडून निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ मार्च १८७० मध्ये जबलपुरास येऊन त्याला भिडले आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे लोखंडी रुळांनी जोडली गेली. कटनी ह्या मार्गावरचे एक लहानसे ठिकाण होते. पुढे उमरियाच्या कोळशाच्या खाणींसाठी १८८६ साली कटनीहून उमरियापर्यंत शाखा घालण्यात आली. १८९१ च्या सुमारास ती बिलासपूरपर्यंत पोचली आणि नागपूर-कलकत्ता मार्गास मिळाली. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास दमोह व सागर ह्या गावांवरून बीनेचा मार्ग कटनीस येऊन मिळाला. स्वातंत्र्यानंतर सिंगरौलीच्या कोळसाक्षेत्राकडे आणखी एक मार्ग गेला. अशा रीतीने प्रयागराज, जबलपूर, बीना, बिलासपूर आणि सिंगरौली अशा पाच दिशांचे लोहमार्ग ह्या एका गावात एकत्र आले. प्रत्येक मार्ग वेगळ्या काळी, वेगळ्या गरजेपोटी आणि बहुधा वेगळ्या कंपनीने घातला होता. पाचही मार्ग एकत्र आल्यावर त्यांवरील गाड्या एकमेकींस कशा चुकवितील, याचा विचार आरंभी कोणी केला असण्याचे कारण नव्हते. दिवसाकाठी मोजक्याच गाड्या येत, आणि एकीने दुसरीसाठी थांबण्यात कोणाचेच फारसे नुकसान होत नसे.

आता हे थांबणे नेमके का घडते ते पाहू. दुहेरी लोहमार्गावर भारतात गाड्या डाव्या बाजूने धावतात. समजा, अशा मार्गातून एक शाखा उजवीकडे फुटते. ती धरणाऱ्या गाडीला समोरून येणाऱ्या गाड्यांचा रूळ ओलांडावाच लागतो. रस्त्यावर उजवीकडे वळू पाहणाऱ्या बैलगाडीला समोरची रहदारी थांबेपर्यंत खोळंबावे लागते, तोच हा प्रकार. फरक एवढाच की बैलगाडी दोन क्षणांत रस्ता ओलांडते. मालगाडीचे तसे नाही. रूळ जेथे फुटतात तेथील हलत्या जोडणीस रेल्वेचे कामगार सांधा म्हणतात. सांधे आणि सिग्नल परस्परांशी असे जखडलेले असतात की एका गाडीसाठी वाट मोकळी केली, म्हणजे तिला छेद देणारी प्रत्येक वाट आपोआप बंद होते, आणि गाडीचा शेवटचा डबा पलीकडे गेल्याशिवाय ती उघडत नाही. प्रवाशांची सुरक्षितता ह्या बंधनावर अवलंबून असल्याने त्यात सवलत देणे शक्य नाही.

कोळसा वाहणाऱ्या उघड्या वाघिणींची एक पूर्ण गाडी बहुधा ५८ वाघिणींची असते. एका वाघिणीची लांबी पावणेअकरा मीटरांच्या आसपास असते. एंजिने व गार्डाचा डबा धरून गाडी जवळजवळ ६८० मीटर लांब होते. सांध्यावरून ती ताशी १५ किलोमीटर वेगाने जाते असे धरू. म्हणजे मिनिटाला २५० मीटर. सिग्नलपासून छेदापर्यंतचे अंतर व गाडीची स्वतःची लांबी मिळून एक किलोमीटरहून थोडे अधिक होते. ते कापावयास चार-सव्वाचार मिनिटे लागतात. सांधे फिरविणे, सिग्नल देणे व वाट पुन्हा मोकळी करणे यांत आणखी दीड-दोन मिनिटे जातात. एकंदर सहा मिनिटे तो छेद एकाच गाडीच्या ताब्यात राहतो.

सहा मिनिटे म्हणजे विशेष काय, असे वाटेल. दिवसाची मिनिटे १,४४०. त्यांस सहाने भागले तर २४० गाड्या जाऊ शकतील, असा हिशेब कागदावर मांडता येतो. पण गाड्या घड्याळाच्या ठोक्यावर सारख्या अंतराने येत नाहीत. कोणी शेकडो किलोमीटरवरच्या खाणीतून भरून येते, कोणी वाटेत खोळंबून येते. दोन गाड्या जवळजवळ एकाच वेळी आल्या, तर दुसरीला थांबावेच लागते. आणि मागाहून तासभर कोणीच आले नाही, तरी तो मोकळा गेलेला तास साठवून ठेवता येत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या मागण्यांसंबंधी एक लेख प्रसिद्ध केला. त्यातून रांगांचे गणित नावाची एक स्वतंत्र शाखा निर्माण झाली. टेलिफोनच्या तारेला लागू पडणारे हे गणित रुळांच्या छेदालाही लागू पडते.

त्यातील निष्कर्ष पाहण्यासारखा आहे. गाड्या अनियमितपणे येतात आणि प्रत्येक गाडी छेद सहा मिनिटे अडवते, असे समजा. दिवसाला १२० गाड्या असल्या तर छेद निम्मा वेळ व्यापलेला असतो आणि प्रत्येक गाडीस सरासरी ३ मिनिटे थांबावे लागते. गाड्या १८० झाल्या की ही सरासरी ९ मिनिटांवर जाते. त्या आणखी ३६ नी वाढून २१६ झाल्या, म्हणजे ती २७ मिनिटे होते. गाड्या वाढल्या एक-पंचमांशाने, पण खोळंबा तिप्पट झाला. आणि ही केवळ सरासरी होय. एखाद्या वाईट दिवशी एखादी गाडी दोन-दोन तास सिग्नलबाहेर उभी राहते, ते ह्याच गणिताला धरून आहे. हे आकडे कटनीची मोजदाद नव्हेत. तत्त्व समजावे म्हणून घेतलेले ते एक उदाहरण आहे. पण जंक्शनातील अनुभव ह्याहून वेगळा नसतो. काल-परवापर्यंत सुरळीत चाललेले जंक्शन थोड्याशा वाढत्या रहदारीने एकाएकी का तुंबते, याचे उत्तर त्यात आहे. त्यात कर्मचाऱ्यांचा आळस शोधण्याची सवय आपल्याकडे आहे. बहुतेक वेळा ती अन्यायाची असते.

प्रवासी गाड्यांना आधी सोडल्याने हा खोळंबा नाहीसा होत नाही. तो मालगाड्यांच्या माथी जातो, एवढेच. आणि भरलेली मालगाडी थांबविणे ही स्वस्त गोष्ट नव्हे. एंजिनासह सुमारे ५,००० टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते, ती विजेच्या मापाने १९० युनिटांहून अधिक भरते. एखाद्या साध्या घराला महिना-दीड महिना पुरेल एवढी ही वीज होय. ब्रेक लावून गाडी थांबविली की तिची उष्णता होऊन ती चाकांभोवतीच्या हवेत विरून जाते, आणि गाडी पुन्हा त्या वेगास आणताना तेवढीच ऊर्जा नव्याने खर्चावी लागते. नव्या धाटणीची विद्युत एंजिने उतरताना किंवा थांबताना काही वीज तारेत परत घालतात, हे खरे; पण सगळी नव्हे. शिवाय एवढ्या वजनाची गाडी मुंगीच्या पावलांनी वेग घेते, त्यात गेलेली मिनिटे तर परत मिळतच नाहीत.

यावर पहिला उपाय सुचतो तो आणखी रूळ घालण्याचा. स्थानकात अधिक रूळ असले तर थांबलेल्या गाड्यांना उभे राहावयास जागा मिळते. पण छेद आहे तेथेच राहतो. किंबहुना रूळ जितके अधिक, तितके ओलांडावयाचे रूळही अधिक. म्हणून खरा उपाय असा की, ज्या गाड्यांना गावात थांबावयाचे नाही त्यांना गावाबाहेरून न्यावे. हा विचार नवा नाही. जर्मनीतील हॅनोव्हर शहराने एकोणिसाव्या शतकातच आपले मुख्य स्थानक आणि तेथील रूळ रस्त्यांच्या वर उचलून घेतले होते. १८७९ साली ते पुरे झाले. तरीही पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मालगाड्यांची गर्दी मावेना, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिमेकडील झेल्झेच्या विस्तीर्ण यार्डापासून शहराच्या दक्षिण अंगाने लेर्टेच्या दिशेने केवळ मालगाड्यांसाठी एक मार्ग काढण्यात आला. अशा मार्गास जर्मन भाषेत ग्यूटर-उमगेउंग्स-बान असे लांबलचक नाव आहे. त्याचा अर्थ मालासाठी वळसा घालून जाणारा लोहमार्ग. आपल्याकडे मुंबईच्या परिसरातील दिवा-वसई हा सुमारे ४२ किलोमीटरांचा मार्ग ह्याच जातीचा आहे. पनवेल वा कल्याणकडील माल त्यावरून गुजरातकडे जातो. त्याला दादरच्या गर्दीत शिरावे लागत नाही.

कटनीची अडचण मात्र निव्वळ वळशाने सुटणारी नव्हती. येथून जाणारा मुख्य माल म्हणजे कोळसा. तो बिलासपूरकडील आणि सिंगरौलीकडील खाणींतून येतो आणि बीनेमार्गे पश्चिमेकडील वीजकेंद्रांकडे जातो. रिकाम्या वाघिणी त्याच वाटेने परततात. म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा हा प्रवाह जबलपूर-प्रयागराज ह्या मुख्य मार्गाच्या आडवा येतो. जमिनीवरून कितीही लांबचा वळसा घातला, तरी आडव्या मार्गास कोठेतरी छेदावेच लागणार. तेव्हा एक प्रवाह दुसऱ्याच्या डोक्यावरून नेणे, हाच मार्ग उरतो. अभियंते ह्यास ग्रेड सेपरेटर म्हणतात. येथे ग्रेड म्हणजे पातळी. दोन मार्गांच्या पातळ्या वेगळ्या करावयाच्या, की छेदच उरत नाही.

मागील उदाहरणात ह्याचा परिणाम काय होतो पाहा. छेदावर येणाऱ्या २१६ गाड्यांपैकी एक-तृतीयांश, म्हणजे ७२ गाड्या, वरून गेल्या. खाली १४४ उरल्या. त्यांचा सरासरी खोळंबा २७ मिनिटांवरून साडेचार मिनिटांवर येतो. वरून जाणाऱ्यांना तर थांबावे लागतच नाही. खाली राहिलेल्या गाडीतील प्रवाशास वरचा पूल कधी दिसलाही नाही, तरी त्याचा लाभ त्याला पोचतो.

कटनीचा हा उन्नत मार्ग बिलासपूरच्या वाटेवरील झलवाऱ्याच्या बाजूने बीनेच्या वाटेवरील मझगवां फाटकाच्या बाजूस जातो. तो एकच दुहेरी मार्ग नाही. जाण्याची व येण्याची अशा त्याच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक सुमारे १६ किलोमीटरांची, दुसरी साडेसतरा किलोमीटरांच्या आसपास. दोन्ही मिळून लांबी ३३ किलोमीटरांवर जाते. दोन वाटा वेगळ्या ठेवण्याचे कारण वर आलेच आहे : एकत्र ठेवल्या तर त्या जुन्या मार्गास जेथे मिळतील, तेथे पुन्हा एकीला समोरच्या गाड्यांचा रूळ ओलांडावा लागेल. वेगळ्या ठेवल्या म्हणजे प्रत्येक वाट आपापल्या बाजूने येऊन मिळते.

एक मुख्य मार्ग ओलांडावयास इतकी लांबी कशाला हवी, हा प्रश्न कोणालाही पडेल. रस्त्यावरचा उड्डाणपूल तर काहीशे मीटरांत चढून उतरतो. ह्याचे उत्तर लोखंडी चाकात आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार थोड्या घर्षणाने फिरते. सपाटीवर एक टन वजन चालते ठेवण्यास दोन किलोग्रॅमांच्या आसपासची ओढ पुरते, म्हणून तर रेल्वेने माल स्वस्तात जातो. पण चढ लागला की हा फायदा झपाट्याने सरतो. दर २०० मीटरांस १ मीटर, हा चढ पायी चालणाऱ्याला जाणवतही नाही. पण त्यावर प्रत्येक टनामागे ५ किलोग्रॅम जादा ओढ लागते. ५,००० टनांच्या गाडीस ती २५ टन होते. सपाटीवरचा विरोध मिळवला की ३५ टन. मालवाहतुकीसाठी आपल्याकडे सर्वत्र वापरात असलेले सहा हजार अश्वशक्तीचे विद्युत एंजिन सुरुवातीस ५० टनांच्या आसपास ओढ देऊ शकते. तेव्हा २०० स १ हा चढ त्याला झेपतो. चढ दुप्पट, म्हणजे १०० स १ केला, तर नुसत्या चढासाठीच ५० टन लागतील आणि एकटे एंजिन जागचे हलणार नाही. दुसरे एंजिन जोडावयाचे तर ते दिवसरात्र त्यासाठीच राखून ठेवावे लागेल.

आता उंचीचा हिशेब. खालच्या मार्गावर विजेच्या तारा आहेत. त्या रुळापासून साडेपाच मीटरांच्या आसपास उंच असतात. त्यांच्या वर टांगणीची तार, सुरक्षित अंतर, आणि मग पुलाच्या तुळयांची जाडी. वरचा रूळ खालच्या रुळाहून साडेआठ मीटर तरी उंच हवा. २०० स १ ह्या प्रमाणात साडेआठ मीटर चढावयास १,७०० मीटर लागतात आणि उतरावयास तेवढेच. चढाच्या आरंभी व शेवटी रूळ हळूहळू वाकवावे लागतात, नाहीतर लांब गाडीच्या वाघिणींमधील जोडण्या तुटतील. त्यासाठी आणखी अंतर जाते. एकच मार्ग ओलांडण्यास असे साडेतीन-चार किलोमीटर लागतात. कटनीत वाटेत यार्ड आहे, एकाहून अधिक मार्ग आहेत, रस्ते आहेत, वस्ती आहे. प्रत्येक अडथळ्यानंतर खाली उतरून पुन्हा चढण्यापेक्षा वरच राहणे शहाणपणाचे ठरते. त्यामुळे भारतीय रेल्वेवरील सर्वांत लांब उन्नत मार्गांत ह्याची गणना झाली. भराव का घातला नाही, असेही कोणी विचारील. साडेआठ मीटर उंचीचा मातीचा भराव पायथ्याशी तीस-पस्तीस मीटर रुंद पसरतो आणि गावाचे दोन तुकडे करतो. खांबांखालून रस्ते, नाले, शेतकऱ्याची बैलजोडी, सारे जाऊ शकते.

एवढा खर्च कशासाठी, हे २०२२ च्या उन्हाळ्याने दाखवून दिले. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत उष्मा लवकर वाढला, विजेची मागणी वाढली आणि अनेक वीजकेंद्रांतील कोळशाचा साठा खालावला. हजार मेगावॅटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे सोळा हजार टन कोळसा खाते. म्हणजे चार भरलेल्या गाड्या, आणि त्याही रोज. कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. त्यांत छत्तीसगढ व त्यालगतच्या कोळसापट्ट्यातील गाड्या मोठ्या संख्येने होत्या. लग्नसराईचे दिवस, आणि आरक्षण केलेले प्रवासी स्थानकावर गाडी रद्द झाल्याची सूचना ऐकत उभे. दूरच्या शहरातील दिवा लागावा म्हणून शहडोलच्या माणसाने घरी बसावे, असा तो व्यवहार होता. कोळसा आणि माणूस एकाच रुळावरून जात असले, की ही निवड कोणाला तरी करावीच लागते.

उन्नत मार्गाने ती निवड पुरती टळते, असे मात्र समजू नये. रांगेचे गणित येथेही सुटत नाही. एका ठिकाणची गाठ सोडविली की गाड्या अधिक संख्येने पुढे सरकतात आणि पुढची गाठ आवळली जाते. कटनी ते बीना ह्या मार्गावर तिसरा रूळ घालण्याचे काम हाती घेण्यात आले ते याचसाठी. जबलपुराच्या दक्षिणेस गोंदियापर्यंत सातपुड्यातून जाणारा अरुंद मार्ग मोठ्या मापाचा करण्यात आला आणि २०२१ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या त्यावरून जाऊ लागल्या. त्यामुळे उत्तरेकडून चांद्याकडे व पुढे दक्षिणेस जाणाऱ्या गाडीस इटारसीच्या गर्दीतून जाण्याचे कारण उरले नाही. शे-दोनशे किलोमीटरांचा हा वळसामार्गच म्हणावयाचा, तत्त्व तेच.

गावाच्या दृष्टीने पाहता चित्र मिश्र आहे. भरलेल्या वाघिणींतून उडणारी कोळशाची भुकटी आणि फाटकांवरचा तासन्‌तासाचा खोळंबा कमी झाल्याचे कोणास वाईट वाटणार नाही. परंतु कटनी वाढली ती गाड्या येथे थांबत म्हणून. चालक-गार्ड, यार्डातील मजूर, वाघिणी व एंजिने दुरुस्त करणारे कारागीर, आणि त्यांच्यावर चालणारी दुकाने, हे सर्व त्या थांबण्याचेच अपत्य आहे. उन्नत मार्गाने सगळ्या गाड्या वरून जातील असे नाही; दुरुस्ती, वाघिणींची जुळवाजुळव आणि चुन्या-सिमेंटची वाहतूक खालीच राहते. तरीही केवळ वाट मिळत नाही म्हणून उभी राहणारी गाडी आणि काही कामासाठी उभी राहणारी गाडी, यांतील भेद ह्यापुढे रेल्वेवर अवलंबून असलेल्या ह्या गावास अधिक स्पष्टपणे दिसेल.

वरून निघालेली कोळशाची गाडी दमोह, सागर ओलांडून बीनेस पोचते. तेथे तिच्या आडवा येतो तो दिल्ली-भोपाळ हा मुख्य मार्ग, आणि कोट्याकडे जावयाचे तर तो ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही.